रुंडलिंग

मधल्या मोकळ्या जागेभोवती घोड्याच्या नालेसारखी घरे बसवलेले आणि आत जायला मुळात एकच वाट असलेले छोटे जर्मन शेतकरी गाव. मध्ययुगात जर्मन आणि स्लाव्ह वस्त्या जिथे एकमेकींना भिडल्या, त्या उत्तर-दक्षिण पट्ट्यात अशी गावे पुष्कळ होती. आज ती सर्वांत दाट आणि सर्वांत धडधाकट दिसतात ती हॅनोव्हरच्या वेंडलांडमध्ये, म्हणजे लोअर सॅक्सनी राज्याच्या पूर्व टोकाच्या ल्युखो-डान्नेनबेर्ग जिल्ह्यात. हा जिल्हा सुमारे १,२०० चौ. किमी.चा, पण वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. जर्मनीतल्या ग्रामीण जिल्ह्यांत सर्वांत कमी. ल्युखो या लहानशा शहराच्या पश्चिमेला साटेमिन, ल्युबेल्न, क्योलेन, बुसाऊ, माम्मोइसेल, याबेल, ग्युस्ट्रिट्स अशी गावे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर पसरली आहेत. त्यांतले एक क्रेमलिन नावाचे आहे. मॉस्कोशी त्याचा काही संबंध नाही. अनेक गावांत शंभरही माणसे राहत नाहीत.

हवेतून काढलेल्या छायाचित्रात रुंडलिंग कापलेल्या केकसारखे दिसते. चौकाकडे प्रत्येक घराची जागा अरुंद, मागे जावे तशी रुंद. घर चौकाच्या कडेला, त्यामागे अंगण आणि कोठारे, मग भाजीचा मळा व फळबाग, आणि सगळ्यात मागे ओकच्या झाडांची पट्टी. ही झाडे शोभेची नव्हती. घराचे लाकूड तिथून यायचे, डुकरे त्यांची फळे खाऊन पोसायची आणि पश्चिमेचा वारा त्यांच्यावर अडायचा. गावाची जागाही ठरावीक असते: एका बाजूला उंच, कोरडी, रेताड जमीन, दुसऱ्या बाजूला ओढ्याकाठचा पाणथळ सखल भाग. वरच्या अंगाला नांगराची शेते, खालच्या अंगाला गवताची कुरणे, आणि पांढरी नेमकी दोहोंच्या शिवेवर. गुरे सकाळी चौकातून निघून एकाच वाटेने चरायला जात आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत येत. गावाचा सामाईक गुराखी बहुधा याच वाटेच्या तोंडाशी राहायचा. चर्च मात्र वर्तुळात नसते. साटेमिनचे दगडी चर्च गावाबाहेर उभे आहे. चर्च आले तेव्हा गावाची मांडणी आधीच पक्की झालेली होती, असा याचा साधा अर्थ लावतात.

उगम

हा आकार का, यावर दीडशे वर्षे वाद झाला. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तो स्लाव्हांचा स्वभावधर्म ठरवला. आउगुस्ट मायट्सेन याने १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जर्मन वसाहतींच्या मोठ्या अभ्यासाने ही समजूत रूढ केली. लोकांच्या तोंडी आजही संरक्षणाचे कारण आहे: वाट एकच, म्हणजे फाटक लावले की शत्रू बाहेर. पण गावाच्या पाठीला ना तट ना खंदक, फक्त बागा. त्यातून छपरे गवताची. वर्तुळाला कुणी आग लावली तर आतले लोक पळणार तरी कुठे? संरक्षणापेक्षा तो सापळाच झाला असता. गुरे रात्री चौकात कोंडता यावीत हे कारण त्याहून पटण्याजोगे आहे, पण ते वापराचे कारण आहे, जन्माचे नव्हे.

आज सर्वाधिक मान्य असलेली मांडणी भूगोलतज्ज्ञ वोल्फगांग माइबायर यांची आहे. तिच्यानुसार ही गावे हळूहळू वाढली नाहीत, ती आखून वसवली गेली. बाराव्या शतकात सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिख द लायन याच्या काळात या भागात जर्मन सरदारांनी जम बसवला आणि पडीक, जंगली जमीन लागवडीखाली आणण्यासाठी स्लाव्ह शेतकरी कुटुंबे बसवली. जर्मन लोक या स्लाव्हांना वेंड म्हणत. वेंडलांड हे नाव त्यावरूनच आले. शेतांचे वाटे ठरले, त्याच हिशेबाने घरांच्या जागा चौकाभोवती मापून दिल्या. सुरुवातीला घरे थोडी असत, म्हणून वर्तुळ लहान. प्रमुखाला शुल्त्से म्हणत. पाटलासारखे त्याचे काम: सारा गोळा करायचा, तंटे ऐकायचे, सरदाराचा निरोप गावाला द्यायचा. त्याच्याकडे जमीन जादा असे आणि त्याचे घर बहुधा वाटेच्या समोर, चौकाच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे येणारा-जाणारा त्याच्या नजरेतून सुटत नसे.

जर्मन अमलाखाली असूनही इथली बोली सहाशे वर्षे टिकली. पोलाबियन ही पश्चिम स्लाव्ह भाषा, एल्ब नदीकाठची म्हणून हे नाव. वुस्ट्रो गावचा पाद्री क्रिस्टियान हेनिग (१६४९–१७१९) याने तिचा शब्दसंग्रह केला आणि ज्युटेन गावचा शेतकरी योहान पारुम शुल्त्से (१६७७–१७४०) याने आपल्या बखरीत तिचे शब्द नोंदवले. दुसऱ्याची नोंद जास्त मोलाची वाटते, कारण तो घरात ती भाषा ऐकत वाढला होता आणि ती मरते आहे हे त्याला कळत होते. शेवटची भाषक मानली जाणारी बाई १७५६ मध्ये वारली. सुमारे २,८०० शब्द उरले. बाकी राहिली ती गावांची नावे: शेवटी इट्स, ओ किंवा इन असलेली.

जमीन आणि माणसांची उतरंड

गावाची काळी एकत्र नसायची. ती मोठ्या पट्ट्यांत विभागलेली असे आणि प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक शेतकऱ्याचा एक लांबट तुकडा. म्हणजे चांगली, वाईट, जवळची, लांबची जमीन सगळ्यांच्या वाट्याला थोडीथोडी. तुकड्यांमधून स्वतंत्र वाटा नव्हत्या. शेजाऱ्याचे तुडवल्याशिवाय आपल्या शेतात जाता येत नसे. त्यामुळे पेरणी, कापणी आणि गुरे सोडण्याचा दिवस गावाने मिळून ठरवायचा. एक वर्ष हिवाळी राय, दुसऱ्या वर्षी जव किंवा ओट, तिसऱ्या वर्षी जमीन पडीक आणि तिच्यावर गुरे: हे तीन-शेती चक्र अशा सक्तीशिवाय चाललेच नसते. एखाद्याने उशीर केला तर त्याच्या उभ्या पिकात गावची गुरे शिरत.

पूर्ण वाटा असलेला तो पूर्ण हुफनर, अर्धा असलेला अर्धा हुफनर. त्यांच्याखाली क्योटनर: लहान घर, थोडी जमीन, बाकी मजुरी. वर्तुळातल्या मूळ जागा हुफनरांच्या. क्योटनरांची लहान घरे नंतर फटींत किंवा वाटेच्या तोंडाशी बसवली गेली. घराची रुंदी आणि चौकातली जागा पाहून मूळ दर्जा आजही बऱ्याचदा ओळखता येतो.

वारसा एकालाच मिळायचा. दक्षिण-पश्चिम जर्मनीत जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई आणि शेते रुमालाएवढी होत; इथे शेत अखंड राही आणि बाकीच्या भावंडांना पैसे, गुरे किंवा हुंड्याच्या रूपाने वाटा दिला जाई. म्हाताऱ्या आईबापांसाठी लेखी करार होत असे: राहायला कोणती खोली, वर्षाला किती राय, किती दूध, चुलीसाठी किती लाकूड. तपशील इतका बारीक लिहिण्याचे कारण उघड आहे. सून आणि सासू एकाच चुलीवर होत्या. अखंड शेत म्हणजे अखंड घराची जागा, आणि अखंड जागा म्हणजे अखंड वर्तुळ. रुंडलिंग टिकण्यामागे हा वारसा कायदा मोठा आहे.

घर

इथले घर हालेनहाउस जातीचे: माणसे, गुरे आणि धान्य एकाच छपराखाली. पाहुण्याला पहिला धक्का बसतो तो असा की चौकाकडे घराचे दर्शनी तोंड म्हणून दिसते ते गोठ्याचे टोक. राहत्या खोल्या मागे, बागेकडे. चौकाकडच्या त्रिकोणी भिंतीत मधोमध थोरले दार, स्थानिक बोलीत ग्रोट ड्योर. त्यातून भरलेली गवताची गाडी आत जायला हवी, म्हणून ते सुमारे ३ मीटर उंच आणि तेवढेच रुंद. वरच्या आडव्या तुळईवर अक्षरे कोरलेली असतात: नवरा-बायकोची नावे, बायकोचे माहेरचे नावही, घर उभे केल्याची तारीख, कित्येकदा सुताराचे नाव आणि एखादे बायबलचे वचन. घरांच्या तारखा ठरवायला अभ्यासकांना दुसरे काही शोधावे लागत नाही. आढ्याच्या टोकाला कातलेला लाकडी दांडा असतो. त्याला वेंडेनक्न्युपेल, म्हणजे वेंडांचा सोटा म्हणतात. लोअर सॅक्सनीत इतरत्र तिथे घोड्यांची तोंडे असतात.

दारातून आत गेले की डीले. मातीची चोपून घट्ट केलेली लांब जमीन. हेच घराचे खळे. दोन्ही बाजूंना गुरे आणि घोडे, तोंडे आतल्या बाजूला, त्यामुळे वैरण मधूनच टाकता येते. डोक्यावर माळा, त्यावर पेंढ्या रचलेल्या. हिवाळ्यात बाहेर काम नसले की त्या खाली टाकून दांडक्यांनी झोडपायच्या. डीलेच्या शेवटी फ्लेट म्हणजे उघड्या चुलीची जागा. धुराडे नसे. धूर माळ्यावरच्या धान्यातून फिरत छपरातून निघून जाई. डोळ्यांना तो छळच होता, पण त्याने धान्य वाळायचे, वर टांगलेले मांस टिकायचे आणि लाकडात कीड शिरत नसे. एकोणिसाव्या शतकात धुराडी आली तेव्हा घर स्वच्छ झाले आणि लाकूड किडायला मोकळे झाले.

सांगाड्याचे तीन प्रकार. सर्वांत जुन्यात आतल्या दोन रांगांतले खांब छपर पेलतात आणि बाजूचे गोठे ठेंगणे, पाखे जवळजवळ जमिनीपर्यंत. नव्यात खांबांच्या चार रांगा, बाहेरच्या भिंती उंच, माळा मोठा. मधला प्रकार तीन रांगांचा, एक बाजू ठेंगणी आणि एक उंच. वेंडलांडमध्ये तो चांगला दिसतो. खांब ओकचे, सुमारे २० ते २५ सेंमी. जाड. सांधे खाच आणि कुसू घालून लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले.

ही घरे आज दिसतात तशी भव्य झाली ती मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत. पैसा आला जवसातून.

जवस

महाराष्ट्रात जवस तेलासाठी पेरतात. इथे ते धाग्यासाठी. पेरणी दाट करायची, म्हणजे झाडाला फांद्या फुटत नाहीत आणि काडी सरळ, लांब वाढते. सुमारे शंभर दिवसांत पीक तयार. कापायचे नाही, मुळासकट उपटायचे, नाहीतर धाग्याची लांबी जाते. बोंडे लोखंडी फणीतून ओढून काढायची. मग काड्या खड्ड्यातल्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवायच्या किंवा शेतात पसरून दवाखाली कुजवायच्या. सगळे यश या कुजवण्यावर. कमी कुजल्या तर लाकडी साल धाग्याला चिकटून राहते. जास्त कुजल्या तर धागाच तुटका होतो. पाण्यातल्या काड्यांना ऊन लागले की काम काही दिवसांत होते, थंडी पडली की कित्येक दिवस जातात, म्हणून रोज एक काडी मोडून पाहायची. खड्ड्याची दुर्गंधी असह्य असे आणि ते पाणी ओढ्यात गेले की मासे मरत.

वाळवलेल्या काड्या लाकडी दाताळ्यात मोडायच्या, फळीने झोडून साल झाडायची, खिळ्यांच्या फणीतून विंचरून लांब धागा वेगळा करायचा. मग चाते. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत घरातली सगळी माणसे सूत कातत आणि विणत. तयार कापड लेग्गे नावाच्या तपासणी केंद्रावर न्यावे लागे. तिथे लांबी-रुंदी मोजून शिक्का मारला की ते व्यापाऱ्याच्या भावाला पात्र. विकणाऱ्या शेतकऱ्याला हा शिक्का बाजारात विश्वास मिळवून देई.

त्याच सुमारास सरदारांचे देणे सुटले. हॅनोव्हर राज्याच्या १८३३ च्या आदेशाने शेतकऱ्याला वार्षिक देण्याच्या २५ पट रक्कम भरून जमीन कायमची मोकळी करता आली, आणि ती रक्कम कर्जाऊ द्यायला १८४० मध्ये राज्याची पतसंस्था उघडली. मोकळा शेतकरी आणि हातात कापडाचा पैसा: साटेमिन १८५० मध्ये आगीत जळाले तेव्हा गावकऱ्यांनी लगेच नवी, आधीपेक्षा देखणी घरे उभारली, तीही जुन्या वर्तुळावरच. लाकडाची जाळी इतकी दाट की संरचनेला निम्मीही पुरली असती. ही शोभा होती आणि शेजाऱ्यावर मातही.

सगळीकडे असे झाले नाही. आगीनंतर अधिकाऱ्यांनी अनेक गावे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, घरांत अंतर ठेवून पुन्हा बांधायला लावली. तिथे रुंडलिंग नकाशावरूनच पुसले गेले. काही गावांत चौकातून दुसरा रस्ता आरपार काढला आणि नाल फुटली. सामाईक गायरानांची वाटणी आणि तुकड्यांचे एकत्रीकरण याच शतकात झाले. त्यानंतर गावाने एकत्र पेरायची गरज उरली नाही.

वाचली कशी

मग गिरणीच्या सुती कापडाने जवसाचा भाव पाडला. मोठी कारखानदारी इथे आली नाही, पैसा संपला, आणि ज्यांच्याकडे पैसा नसतो ते घर पाडून नवे बांधत नाहीत. १९४५ नंतर आणखी एक गोष्ट घडली. हा जिल्हा पश्चिम जर्मनीचा पूर्वेकडे घुसलेला कोपरा झाला, तीन बाजूंना पूर्व जर्मनीची सीमा. बाजारपेठा तुटल्या, तरुण हॅम्बुर्गकडे गेले. साठच्या दशकात रिकाम्या पडलेल्या मोठ्या घरांना गिऱ्हाईक सापडले ते हॅम्बुर्ग आणि बर्लिनच्या शहरी लोकांत. १९६९ मध्ये रुंडलिंग जपण्यासाठी संस्था स्थापन झाली. २०१५ मध्ये तिला वारसा जपण्यासाठीचा युरोपा नोस्ट्रा पुरस्कार मिळाला. ल्युबेल्नमध्ये या गावांचे खुले संग्रहालय आहे. १९७७ मध्ये याच जिल्ह्यातल्या गोर्लेबेनची अणुकचरा साठवण्यासाठी निवड झाली, तेव्हा याच विरळ वस्तीमुळे ती सोपी वाटली असावी; पण शेतकरी आणि नवे रहिवासी एकत्र आले, १९७९ च्या मार्चमध्ये ट्रॅक्टरांचा ताफा हॅनोव्हरपर्यंत गेला आणि २०२० मध्ये गोर्लेबेन अशा जागांच्या यादीतून वगळले गेले. मूळचे आणि बाहेरचे यांच्यातला दुरावा कमी करण्याचे काम त्या लढ्याने जेवढे केले, तेवढे कुठल्याही अनुदानाने केले नसेल.

दुरुस्ती

या घरांना पाऊस मारत नाही, चुकीची दुरुस्ती मारते. सांगाडा दगडी जोत्यावर आडव्या तळतुळईत उभा असतो. चौकात आणि अंगणात दर पिढीला माती, खडी, मग डांबर चढत जाते. जोते जमिनीत जाते आणि पागोळ्यांचे पाणी उडून तळतुळई भिजते. ती आधी कुजते, मग खांबांचे तळ. उपाय जमीन पुन्हा खाली नेण्याचा, जोत्याची किमान ३० सेंमी. उंची मोकळी करण्याचा. खांबाचा कुजका तळ कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतात. अख्खा खांब बदलत नाहीत.

खांबांमधल्या चौकटी मुळात कुडाच्या. वरच्या लाकडातल्या भोकात आणि खालच्या खाचेत फाळलेल्या ओकच्या कामट्या उभ्या बसवायच्या, त्यांत विलोच्या फांद्या विणायच्या, मग चिरलेला पेंढा मिसळलेला चिखल दोन्ही बाजूंनी थापायचा. चिखल वाळून आक्रसतो, कडेला फट पडते. ती पूर्ण वाळेपर्यंत थांबून मगच बुजवायची आणि वर चुन्याचा पातळ थर द्यायचा. घाई केली की गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. नंतरच्या काळात कुडाच्या जागी विटा आल्या. विट सरकू नये म्हणून खांबाला आतून त्रिकोणी पट्टी ठोकतात आणि सांधा चुन्याचाच ठेवतात.

सत्तरच्या दशकात सिमेंट आणि प्लास्टिक रंग वापरले गेले. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते-आक्रसते, सिमेंट हलत नाही. कडेला केसाएवढी भेग पडते, पाणी आत जाते आणि सिमेंटमुळे बाहेर येऊ शकत नाही. बाहेरून सगळे ठाकठीक, आत लाकडाचा भुसा. सिलिकॉनने भेग बुजवली की तेच, फक्त लवकर. जवसाच्या तेलाचा रंग दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, पण त्यातून ओल बाहेर जाते. जुन्या शेतकऱ्यांच्या घरात तो कोठारात नेहमी असायचा. पिकच ते होते.

शेती आता थोड्याच घरांत उरली आहे. कापणी-मळणीचे यंत्र चौकात वळत नाही आणि थोरल्या दारातून तर जातच नाही, म्हणून शेती करणाऱ्यांनी पत्र्याची नवी कोठारे मागच्या बाजूला, ओकच्या पट्टीपलीकडे बांधली. चौकातून ती दिसत नाहीत. डीले कुठे कार्यशाळा झाली, कुठे बैठक. थोरल्या दाराचे काय करायचे हा नव्या मालकापुढचा पहिला प्रश्न. जुने पल्ले काढून मोठी काच लावली तर चौकाकडचे तोंड भगदाडासारखे दिसते आणि रात्री अंगणभर उजेड पडतो. जाणते सुतार काच आत, दोन हात मागे लावतात, पल्ले बिजागऱ्यांवर तसेच ठेवतात; दिवसा उघडायचे, अंधार पडला की बंद.